उतारावरचा थांबा

पुण्याकडे निघालेली लांब पल्ल्याची गाडी कर्जतला थांबते आणि फलाटावर वडेवाल्यांची लगबग सुरू होते. कर्जतच्या वड्याला नाव मिळालं ते या थांब्यामुळे. गाडी इथे थांबते ती मात्र वजनामुळे. पुढे घाट आहे, आणि इतकं वजन एकट्या पुढच्या इंजिनाच्या भरवशावर घाटात घालायचं नाही, असा नियम आहे. म्हणून बहुतेक गाड्यांच्या शेपटीला दोन किंवा तीन इंजिनं लागतात. रेल्वेची माणसं त्यांना बँकर म्हणतात. ती गाडीला मागून ढकलत लोणावळ्यापर्यंत नेतात आणि तिथे सुटतात.

प्रवाशाला वाटतं, बँकरचं काम ढकलण्याचं. ते अर्धंच खरं आहे. चढणीवर डब्यांमधली एखादी जोडणी तुटली, तर तुटलेला भाग मागे घरंगळू लागतो. अशा वेळी त्याच्या पाठीशी कोणी तरी उभं असावं लागतं. बँकर गाडी वर नेतो आणि तिला खालीही येऊ देत नाही. ही दुसरी जबाबदारी रोज निभावली जाते, आणि ती नीट निभावली जाते म्हणूनच आपल्याला दिसत नाही.

या बोरघाटाचा कमाल चढ १ ला ३७ आहे, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. पायी चालणाऱ्या माणसाला हा चढ फारसा जाणवणारही नाही. लोखंडी रुळावर लोखंडी चाक असेल, तर मात्र तो भयंकर आहे. हजार टनांच्या गाडीला हा उतार दर क्षणी सुमारे सत्तावीस टनांच्या जोराने खाली ओढत असतो. ब्रेक मोकळे ठेवून ती सोडून दिली, तर साध्या गणितानेही मिनिटाभरात ताशी पन्नास किलोमीटरचा वेग येतो आणि दुसऱ्या मिनिटाअखेर तो शंभराच्या आसपास पोचतो. त्यानंतर कुठलाही माणूस तिला थांबवू शकत नाही.

खाणीत, बोगद्यात, घाटात, जिथे जिथे माणूस उतारावरून वजन नेतो, तिथे हा एकच धोका असतो. त्यात माणसं मेली आणि त्यातून काही नियम जन्मले. लोणावळा-खंडाळ्याचा घाट आणि चंद्रपूरकडच्या कोळसा खाणींमधल्या तिरक्या वाटा एकमेकींपासून शेकडो किलोमीटर दूर आहेत, पण दोन्हीकडचे नियम एकाच अनुभवातून आले आहेत. तो अनुभव काय सांगतो, आणि तो आपण किती पाळतो, हे तपासून पाहणं गरजेचं आहे, कारण घाटात वजन सुटणं अजून थांबलेलं नाही.

दोरावरची माणसं

मावळातून कोकणात वजन उतरवण्याचा इतिहास रेल्वेपेक्षा कितीतरी जुना आहे. कार्ले-भाज्याची लेणी उभी राहिली ती सह्याद्री ओलांडणाऱ्या व्यापारी वाटांच्या आधाराने. पुढे शतकानुशतकं लमाणांचे बैल, पालख्या आणि डोक्यावर ओझी घेतलेली माणसं या घाटवाटा चढली-उतरली. १८३० मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या काळात बोरघाटात गाडीरस्ता खुला झाला. बैलगाडीचा गाडीवान तीव्र उतारावर चाकाखाली दगड सरकवायचा. थांबवण्याचं साधन हाताशी असल्याशिवाय उतरायचं नाही, ही समज इथल्या माणसाला तेव्हापासून होती.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. १८५६ मध्ये रूळ खोपोलीला पोचले. दोन वर्षांनी घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे ही लाइन सुरू झाली. मधला घाट मात्र बाकी होता. प्रवासी खोपोलीला उतरायचे, पालखीने, तट्टावरून किंवा गाडीने घाट चढायचे आणि खंडाळ्याला पुन्हा रेल्वेत बसायचे.

घाटातल्या लाइनचं काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झालं. मुख्य अभियंता जेम्स बर्कले, कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल. जवळपास सोळा मैलांत १,८३१ फूट चढायचं होतं. त्यासाठी पंचवीस बोगदे, आठ मोठे कमानी पूल आणि कातळातले अगणित काप लागणार होते. काळा बसाल्ट हाताने फोडायचा होता. कड्यावर पाय ठेवायला जागा नसेल, तिथे वरून दोर सोडायचे आणि माणूस त्या दोरावर लोंबकळत पहारीने सुरुंगाची भोकं पाडायचा. वात पेटली की त्याला वर ओढून घ्यायचं.

१८६१ च्या सुरुवातीला, काम ऐन भरात असताना, घाटात चाळीस हजारांहून अधिक माणसं राबत होती. त्यांत बायका होत्या, मुलंही होती. दख्खनच्या गावांतून, कोकणातून आणि त्याही पलीकडून ती आली होती. पावसाळ्यात काम जवळजवळ थांबायचं आणि झोपड्यांतून पटकी पसरायची. मजुरी थकली, तेव्हा जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा मोठा उद्रेक झाला. त्याच वर्षी फॅव्हिएलने काम सोडलं. पुढच्या वर्षी अशा कामांवरच्या मजुरीच्या तंट्यांसाठी सरकारने कायदा केला.

फॅव्हिएलनंतर कंत्राट सॉलोमन ट्रेडवेलने घेतलं. १८५९ च्या अखेरीस तो इथे आला आणि काही दिवसांतच आजारपणाने मेला. काम थांबवून मायदेशी परतण्याऐवजी त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट पुढे चालवलं. रोजची देखरेख तिने अनुभवी अभियंत्यांवर सोपवली आणि घाट पुरा करून घेतला. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअरच्या हस्ते उद्घाटन झालं. बर्कले ते पाहायला राहिला नव्हता. आदल्या वर्षी इंग्लंडमध्ये त्याचं निधन झालं होतं.

या सव्वासात वर्षांत किती माणसं मेली याचा पंचवीस हजारांच्या आसपासचा अंदाज इतिहासकारांनी दिला आहे. पटकी, ताप, सुरुंग, कोसळलेला कातळ आणि दोरावरून पडणं, अशी त्याची कारणं. अभियंत्यांची आणि कंत्राटदारांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. दोरावरच्या माणसांचं मात्र नाव उरलं नाही, त्यांचा एक गोल आकडा उरला. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट इंग्रजांना एका धनगराने दाखवली आणि त्याबद्दल त्याला जीव गमवावा लागला, अशी तिथली आख्यायिका आहे. तिला कागदाचा पुरावा नसेल. पण घाट कोणाच्या पायांनी आणि कोणाच्या जिवावर उभा राहिला, हे लोकांनी त्या देवळात बरोबर जपलं आहे. ट्रकवाले आजही तिथे पैसे टाकून पुढे जातात.

कड्यावरचं स्टेशन

बर्कलेपुढचा सर्वांत अवघड प्रश्न खंडाळ्याखालच्या सोंडेवर होता. इतक्या उभ्या डोंगरात रुळांना वळण द्यायला जागाच नव्हती. त्याने गाडीची दिशाच उलटवली. वरून आलेली गाडी सोंडेच्या टोकाला बांधलेल्या स्टेशनात यायची. तिथे लाइन संपायची. इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट तोंडाने खालच्या टप्प्यावर निघायची. हे रिव्हर्सिंग स्टेशन. जगभरच्या अभियंत्यांनी त्याची वाखाणणी केली आणि त्याची चित्रं, छायाचित्रं लांबवर गेली.

त्याच दशकात ब्राझीलमध्ये सांतुस बंदरातून साओ पाउलोकडे चढणाऱ्या रेल्वेने दुसरा मार्ग पत्करला. तिथे बऱ्याच उभ्या उतारावर वाफेची स्थिर यंत्रं बसवून पोलादी दोराने डबे ओढले गेले. १८६७ मध्ये ती लाइन सुरू झाली. कोळसा खाणीत टब, म्हणजे रुळावरचे छोटे डबे, ओढण्याची रीत तिथे डोंगरावर वापरली गेली. बोरघाटात दोर टाळला. चढ १ ला ३७ पर्यंत आणून गाडी आपल्या चाकांवरच चढवायची आणि आपल्या ब्रेकवरच उतरवायची, असं ठरलं.

आता त्या काळचा ब्रेक कसा होता ते पाहायला हवं. पूर्ण गाडीला एकत्र लागणारा ब्रेक तेव्हा नव्हता. इंजिनाला ब्रेक, आणि मधल्या-शेवटच्या काही डब्यांत हाताने चाक फिरवून ब्रेक आवळणारी माणसं. ड्रायव्हरने शिट्टी द्यायची, ब्रेकवाल्यांनी ती ऐकायची आणि सगळ्यांनी वेळेवर आवळायचं. पावसात रूळ निसरडे, बोगद्यात धूर आणि कानठळ्या बसवणारा आवाज. या साखळीतली प्रत्येक कडी माणसाच्या दक्षतेवर उभी होती. एकाचा हात उशिरा पडला, तर बाकीच्यांना वेळ उरत नसे. आणि वरच्या टप्प्याच्या तळाशी होतं ते टोकाला संपणारं स्टेशन, ज्याच्या पुढे दरी होती.

जानेवारी १८६९ मध्ये घाट उतरणारी एक गाडी इथे थांबू शकली नाही. ब्रेक पुरे पडले नाहीत. वेग आटोक्याबाहेर गेला, आणि जिथे गाडीने शांतपणे थांबून तोंड फिरवायचं, तिथून ती पुढे निघून गेली. हा अपघात म्हणजे बर्कलेच्या आखणीतल्या एका गृहीताचा अंत होता. उतरणारी गाडी थांबेलच, असं धरून लाइनचा शेवट आखला होता. ती थांबली नाही तर काय, याचं उत्तर कड्यापाशी नव्हतं.

घाटाने ते उत्तर पुढे शोधलं. त्याचं नाव कॅच सायडिंग.

उताराच्या लाइनला ठरावीक जागी एक फाटा काढलेला असतो. तो डोंगराच्या अंगाला, चढणीवर जातो आणि पुढे बंद होतो. काटा नेहमी या फाट्याकडे वळलेला असतो. उतरणारी गाडी आधी थांबते. ती खरोखर थांबली आहे, तिचे ब्रेक तिच्या ताब्यात आहेत, याची खात्री पटली की मगच काटा मुख्य लाइनकडे वळतो आणि सिग्नल मिळतो. गाडी थांबलीच नाही, तर ती आपोआप फाट्यावर जाते आणि चढणीवर दमते. मुंबईकडे येताना मंकी हिल किंवा ठाकूरवाडीला गाडी उगाच थांबली असं प्रवाशांना वाटतं. अनेकजण घड्याळ पाहून चरफडतात. त्या मिनिटांत गाडी ही परीक्षा देत असते.

यातला विचार नीट समजून घ्यायला हवा. साध्या रस्त्यावर वाट मोकळी असते आणि धोका दिसला की ती बंद केली जाते. घाटात उलट आहे. वाट मुळात बंद असते. गाडी सुरक्षित आहे हे सिद्ध झाल्यावर ती उघडते. कोणी झोपलं, कोणी विसरलं, तार तुटली, तरी वाट बंदच राहते. चूक झाली तर ती थांबण्याच्या बाजूने व्हावी, अशी ही रचना आहे.

आर्माची सहल

हाच विचार ब्रेकमध्ये यायला आणखी बळी जावे लागले. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्मा गावाहून रविवारच्या शाळेतली मुलं आणि त्यांचे पालक सहलीला निघाले. गाडी जड होती, इंजिन चढणीवर अडकलं. गाडी दोन भागांत तोडून पुढचा भाग आधी वर न्यायचं ठरलं. मागचे डबे एका हातब्रेकवर आणि चाकांखाली लावलेल्या दगडांवर उभे ठेवले. पुढचं इंजिन सुटताना किंचित मागे आलं, दगड चिरडले गेले आणि माणसांनी गच्च भरलेले डबे उताराला लागले. मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीवर ते आदळले. सुमारे ऐंशी जण मेले, त्यांत मुलं बरीच होती.

त्या गाडीला ब्रेक नव्हता असं नाही. निर्वाताचा ब्रेक सगळ्या डब्यांना होता. पण त्याची रचना अशी होती की इंजिनाशी जोड असेल तोवरच तो लागे. जोड सुटली की तोही सुटे. ज्या क्षणी त्याची खरी गरज, नेमक्या त्याच क्षणी तो नाहीसा होई. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून प्रवासी गाड्यांना अखंड आणि आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला. या ब्रेकमध्ये नळीतल्या निर्वातामुळे ब्रेक मोकळे राहतात. नळी तुटली, डबे विलग झाले, की दोन्ही भागांचे ब्रेक आपोआप आवळले जातात. भारतीय रेल्वेवर दीर्घकाळ हा व्हॅक्यूम ब्रेक होता. आता त्याच तत्त्वावरचा हवेच्या दाबाचा ब्रेक आहे. इथेही थांबलेली अवस्था मूळची आहे आणि चालणं ही मिळवलेली परवानगी.

कोळशाची वाट

घाट चढणारं प्रत्येक इंजिन कोळसा खात होतं. सुरुवातीला तो कोळसा जहाजाने विलायतेहून यायचा आणि महाग पडायचा. म्हणून वर्धा नदीच्या खोऱ्यातल्या कोळशाकडे सरकारचं लक्ष गेलं. १८७० च्या दशकात वरोऱ्याला सरकारी खाण चालू झाली आणि वर्ध्याहून तिथवर खास रूळ टाकले गेले. ती खाण १९०६ मध्ये बंद झाली, तोवर बल्लारपूरला नवी खाण सुरू झाली होती. पुढे चंद्रपूर, घुग्घुस, राजुरा, वणी आणि नागपूरजवळच्या कामठी-सावनेर-उमरेडच्या पट्ट्यात खाणी वाढत गेल्या. आज त्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या ताब्यात आहेत. बहुतेक कोळसा आता उघड्या खाणींतून निघतो. तरी भूमिगत खाणींनी या भागातल्या कामगारांच्या पिढ्या घडवल्या.

त्या खाणींत एक घाट असतो, फक्त तो अंधारात असतो. तोंडापासून कोळशाच्या थरापर्यंत तिरकी उतरणारी वाट म्हणजे इन्क्लाइन. तिच्यात अरुंद रूळ. वर हॉलेजचं यंत्र, त्याच्या ड्रमवर गुंडाळलेला पोलादी दोर. दोराला टबांची माळ जोडायची, रिकामे टब खाली सोडायचे, भरलेले वर ओढायचे. दोर चालवणारा ऑपरेटर वर असतो. त्याला खालचं काही दिसत नाही. त्याच्यासाठी घंटा असते. एक ठोका म्हणजे थांबा. टब जोडणं-सोडणं, क्लिप लावणं, रुळावरून उतरलेला टब पुन्हा चढवणं ही कामं खाली हॉलेज खलाशी करतात, कॅप-लॅम्पच्या उजेडात, वाकून.

इथे उतार रेल्वेच्या घाटापेक्षा कितीतरी तीव्र असू शकतो. १ ला ४ चा उतार धरला, तर सुटलेला टब पाच सेकंदांत ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास पोचतो. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना कोळशाची किंवा दगडाची भिंत. पळायला जागा नाही. वरून येणारा आवाज ऐकू येईपर्यंत टब समोर असतो.

असे मृत्यू कशाने होतात याची कारणं खाण सुरक्षेच्या क्षेत्रात वर्षानुवर्षं सारखीच आढळली आहेत. दोर तुटणं. शॅकल किंवा टबांमधली जोडणी तुटणं. दोर जोडण्याआधीच टब उताराच्या तोंडावरून ढकलला जाणं. ड्रमचा ब्रेक न धरणं. दोर चालू असताना माणूस त्या वाटेवर असणं. आणि पाळी संपताना दमलेला माणूस वर चालत जाण्याऐवजी टबावर बसणं. शेवटच्या कारणाला निष्काळजीपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. आठ तास कोळशात राबून शेकडो मीटरची चढण पायी चढणाऱ्या माणसाने केलेला तो निर्णय असतो. त्याच्यासाठी माणसं नेणारी वेगळी व्यवस्था नसेल, तर नुसता मनाईचा फलक त्याला वाचवत नाही.

या प्रत्येक कारणावर खाणीने एकेक साधन बसवलं. उताराच्या तोंडाशी स्टॉप ब्लॉक, रुळावर आडवा. तो कायम आडवाच असायचा, टब सोडण्यापुरताच बाजूला व्हायचा. त्याच्या खाली रनअवे स्विच, सुटलेल्या टबांना रुळावरून बाजूला घालवणारा काटा. वर जाणाऱ्या शेवटच्या टबाच्या मागे बॅकस्टे, म्हणजे मागे लोंबणारा लोखंडी दांडा. टब मागे आला की तो जमिनीत रुततो. भिंतीत ठरावीक अंतरावर मॅनहोल, म्हणजे माणसाने अंग चोरून उभं राहण्यासाठी कोरलेले कोनाडे.

ही साधनं घाटाशेजारी ठेवून पाहा. बॅकस्टे जे टबासाठी करतो, ते बँकर गाडीसाठी करतो. रनअवे स्विचचं काम कॅच सायडिंगचं आहे. कायम आडवा स्टॉप ब्लॉक म्हणजे फाट्याकडे वळलेला काटा. रेल्वेने खाणीकडून घेतलं की खाणीने रेल्वेकडून, हा वाद इथे गौण आहे. उतारावर माणसं गमावलेल्या दोन्ही धंद्यांना शेवटी एकच शहाणपण मिळालं: माणूस चुकणार, वस्तू झिजणार, आणि ते झाल्यावरही वजन थांबलं पाहिजे.

भारतात खाणींवर कायद्याची देखरेख यायला विसावं शतक उजाडावं लागलं. पहिला खाण कायदा १९०१ चा. त्यानंतर लगेच कलकत्त्याला खाण तपासणीचं कार्यालय उघडलं. आजची खाण सुरक्षा महानिदेशालय ही संस्था त्यातूनच वाढली, तिचं मुख्यालय धनबादला आहे. स्वातंत्र्यानंतर १९५२ चा खाण कायदा आणि १९५७ चे कोळसा खाण विनियम आले, २०१७ मध्ये हे विनियम नव्याने लिहिले गेले. हॉलेजच्या वाटेवर काय असलंच पाहिजे, हे त्यांत बारकाईने सांगितलेलं आहे.

नियम असूनही वजन सुटतं, हे जुन्या आणि अनुभवी खाणींनीही पाहिलं आहे. इंग्लंडमध्ये डॉनकास्टरजवळच्या बेंटली या जुन्या खाणीत २१ नोव्हेंबर १९७८ रोजी पाळी संपवून परतणाऱ्या कामगारांची भूमिगत गाडी उतारावर सुटली, वळणावर रुळावरून उतरली आणि सात कामगार मेले. ती माणसं नियम मोडून टबावर बसलेली नव्हती. त्यांच्यासाठीच केलेल्या गाडीत ती होती. माणसांसाठी वेगळी गाडी असणं पुरेसं नाही. ती सुटली तर तिला कोण धरणार, याचं उत्तर आधी तयार असावं लागतं.

उतरणाऱ्याने चढणाऱ्याला ओढावं

बोरघाटात १९२९ च्या सुमाराला मोठा बदल झाला. नवी आखणी झाली, रिव्हर्सिंग स्टेशन बंद पडलं आणि वीज आली. लांब नाकाच्या विद्युत इंजिनांना रेल्वेच्या माणसांनी खेकडा म्हणायला सुरुवात केली. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावली. घाटात कोळशाचा धूर संपत आला.

या विजेच्या इंजिनांत एक मोलाची सोय होती. उतरताना त्यांच्या मोटारी उलट काम करून वीज बनवत आणि ती तारेत परत जाई. उतरत्या गाडीची ओढ चाकावरच्या ब्रेकला तापवण्याऐवजी विजेत बदले, आणि ती वीज चढणाऱ्या गाडीच्या कामी येई. खाणीतही काही वाटांवर भरलेले टब उतरताना दुसऱ्या टोकाचे रिकामे टब वर खेचले जात, एकाच दोराने, यंत्राशिवाय. उताराची ओढ शत्रू मानून झुंजण्याऐवजी तिला कामाला लावण्याचा हा मार्ग सुरक्षितही होता, कारण ब्रेक कमी तापत. तापलेला ब्रेक हा उतारावरचा सर्वांत फसवा धोका आहे. पायाखाली तो असतो, पण पकडत नाही.

शेजारचा रस्ता

रेल्वेच्या या घाटाला लागूनच मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग उतरतो. खंडाळ्याहून खोपोलीकडे येताना तोच डोंगर, तीच ओढ. फक्त वजन आता ट्रक आणि कंटेनरमध्ये आहे.

२६ जुलै २०२५ रोजी या उतारावर एका कंटेनर ट्रकचे ब्रेक निकामी झाले. वाटेत आलेल्या वीसेक वाहनांना तो धडकत गेला. एका महिलेचा मृत्यू झाला, अनेकजण जखमी झाले. अशा बातम्या या घाटातून वर्षानुवर्षं येत आहेत आणि त्यांत दोन शब्द ठरलेले असतात: ब्रेक निकामी. जणू ते पावसासारखं वरून कोसळलं.

ट्रकच्या हवेच्या ब्रेकमध्येही आर्माचा धडा आहे. हवेचा दाब गेला, तर स्प्रिंगने ब्रेक आवळला जावा, अशी त्याची रचना असते. पण वरच्या टप्प्यापासून सतत ब्रेक दाबत आलं, गियर मोकळा टाकून डिझेल वाचवलं, क्षमतेपेक्षा जास्त माल भरला, की ड्रम तापतात आणि हवा शाबूत असूनही पकड जाते. कमी गियरमध्ये, इंजिनाच्या ओढीवर उतरावं, हे प्रत्येक जुन्या चालकाला ठाऊक आहे. तरी त्याच्यावर वेळेचं ओझं असतं, मालकाचा फोन असतो, डिझेलचा हिशेब असतो. खाणीत टबावर बसणाऱ्या कामगाराशी त्याचं नातं इथे जुळतं. दोघांनाही धोका ठाऊक असतो. दोघांसाठीही धोक्याची वाट सोपी आणि सुरक्षित वाट अवघड करून ठेवलेली असते.

आणि रस्त्यावर अजून मूळ स्थिती मोकळ्या वाटेची आहे. घाट उतरण्याआधी रेल्वेला थांबून स्वतःला सिद्ध करावं लागतं. चाळीस टनांच्या ट्रकला घाटमाथ्यावर असं काही सिद्ध करावं लागत नाही. तो मोटारींच्या, बसच्या, कुटुंबांच्या मधोमध उतरू लागतो. खोपोली ते कुसगाव हा बोगदे आणि उंच पुलांचा नवा जोडमार्ग घाटातलं अंतर सुमारे सहा किलोमीटरनी कमी करण्यासाठी आखला गेला. चढ-उतार आणि वळणं कमी झाली तर त्याचा फायदा होईलच. पण जिथे जड वजन खाली उतरणार, तिथे थांबवण्याची व्यवस्था आधी आणि वेग नंतर, हा क्रम नव्या रस्त्यालाही चुकत नाही.

मागणं काय

दीडशे वर्षांपूर्वी या घाटाने जे शिकून ठेवलं, ते रस्त्यावर आणायला नवं विज्ञान लागत नाही. घाटमाथ्यावर जड वाहनांसाठी सक्तीचा थांबा हवा, जिथे ब्रेकचं तापमान आणि मालाचं वजन पाहिल्याशिवाय पुढची वाट उघडणार नाही. उतारावर ठरावीक अंतराने, वाळूने भरलेल्या आणि चढत जाणाऱ्या सुटकेच्या वाटा हव्यात, आणि त्यांत शिरणाऱ्या चालकाला दंडाची भीती नको. वाहतुकीच्या कंत्राटात घाट उतरायला लागणारा वेळ धरलेला हवा, म्हणजे सावकाश उतरणाऱ्याच्या मजुरीतून काही कापलं जाणार नाही. यांतली प्रत्येक गोष्ट थोडा वेळ आणि थोडा पैसा खाते. कॅच सायडिंगही खाते. मंकी हिलला चरफडणारे आपण ती किंमत पिढ्यान्‌पिढ्या देत आलो आहोत, आणि त्या बदल्यात घरी पोचलो आहोत.

खाणीसाठीही हेच मागायला हवं. हॉलेजच्या वाटेवर आडवा असायला हवा होता तो ब्लॉक नेहमी आडवा होता का, मॅनहोल मोकळं होतं का, बॅकस्टे लावला होता का, हे माणूस मेल्यानंतरच्या चौकशीत विचारायचे प्रश्न नाहीत. ते प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला विचारायचे आहेत, आणि मोठ्याने विचारण्याचा हक्क सर्वांत खालच्या खलाशाला असला पाहिजे. टब सुटला पण कोणी मेलं नाही, ट्रकचे ब्रेक तापले पण तो कसाबसा थांबला, अशा घटना आज सुटकेचा निःश्वास टाकून विसरल्या जातात. त्या नोंदल्या पाहिजेत आणि कामगारांना, चालकांना कळतील अशा त्यांच्या भाषांत, मराठीत, हिंदीत, तेलुगूत, छापल्या पाहिजेत. बळी न घेता मिळणारा धडा फार दुर्मीळ असतो. तो वाया घालवण्याचा अधिकार कोणालाच नाही.

आपण अपघातानंतर नेहमी चुकलेल्या माणसाला शोधतो: ब्रेकवाला, खलाशी, चालक. घाटाची आणि खाणीची साधनं ज्यांनी घडवली, त्यांनी वेगळा प्रश्न विचारला होता. हा माणूस चुकला, तरी बाकीचे जिवंत कसे राहतील? बोरघाटात रोज हजारो प्रवासी त्या प्रश्नाच्या उत्तरावर बसून सुखरूप उतरतात. शेजारच्या रस्त्यावरून उतरणाऱ्यांना आणि जमिनीखाली टब ओढणाऱ्यांना तेवढीच सुरक्षितता मिळाली पाहिजे. ती त्यांच्यावर केलेली मेहरबानी ठरणार नाही, कारण तिची किंमत त्यांच्याच पूर्वजांनी दोरावर लोंबकळत, पटकीच्या झोपड्यांत आणि अंधाऱ्या वाटांवर आधीच चुकती केली आहे.